टाचण झाले, पाठ झाला, पुढे काय? शिक्षकाने चिंतन-नोंद कशी ठेवावी

"हातच्याची वजाबाकी घेतली. बऱ्याच मुलांना जमली नाही. आणखी सराव आवश्यक."

तिसरीच्या वर्गाविषयी काही वर्षांपूर्वी मी माझ्या वहीत केलेली ही नोंद आहे. तिच्यात खोटे काही नाही, पण ती वाचून दुसऱ्या दिवशी वर्गात वेगळे काय करावे हे मात्र मुळीच कळत नाही. 'सराव आवश्यक' याचा प्रत्यक्षातला अर्थ एवढाच झाला, की तीच पद्धत तसल्याच आणखी वीस उदाहरणांसह दोन दिवस पुढे चालली. आठवड्याने त्याच घटकावर केलेली दुसरी नोंद अशी आहे: "५२ − २७. तेवीसपैकी नऊ जणांचे उत्तर ३५. एकीला विचारले, कसे काढलेस? म्हणाली, 'दोनातनं सात जात नाहीत ना, मग सातातनं दोन काढले.' असे कोणी सांगितले? 'तुम्हीच सांगितलं ना सर, मोठ्यातनं लहान वजा करायचं.'"

ते मीच सांगितले होते. आदल्या वर्षी, दुसरीत एकअंकी वजाबाकी शिकवताना, सोयीचे म्हणून, अनेकदा. म्हणजे ही नऊ मुले निष्काळजी नव्हती की विसराळू नव्हती. ती माझे वाक्य इमानेइतबारे पाळत होती. वर्गात काय घडले याची शिक्षकाने स्वतःसाठी केलेली नोंद म्हणजे चिंतन-नोंद. तिच्यात पहिल्या नोंदीपासून दुसऱ्या नोंदीपर्यंत कसे पोचावे, हाच या लेखाचा विषय आहे. मी प्राथमिक शिक्षक असल्यामुळे उदाहरणे शाळेतली दिली आहेत.

या कल्पनेची थोडी पार्श्वभूमी

डी.एड. किंवा बी.एड. केलेल्यांनी 'चिंतनशील शिक्षक' हा शब्द परीक्षेपुरता पाठ केलेला असतो. त्यामागचा विचार त्याहून साधा आहे. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ जॉन ड्यूई यांनी १९१० मध्ये असे मांडले, की विचाराची सुरुवात अडखळण्यापासून होते. वाटेला दोन फाटे फुटले की माणूस थांबतो आणि मगच खऱ्या अर्थाने विचार करू लागतो. अमेरिकन विचारवंत डोनाल्ड शॉन यांनी १९८३ मध्ये वास्तुरचनाकार, मानसोपचारतज्ज्ञ, अभियंते यांच्या कामाचा अभ्यास करून आणखी एक भेद दाखवला. काम चालू असतानाच हात थांबवून दिशा बदलणे हे एक चिंतन, आणि काम झाल्यावर मागे वळून पाहणे हे दुसरे. मुलांचे चेहरे पाहून खडू खाली ठेवणारा आणि मैदानावरचे चिंचोके मागवणारा शिक्षक पहिले चिंतन करत असतो. वहीत होते ते दुसरे. पण वही नियमित ठेवणाऱ्याचे पहिलेही हळूहळू धारदार होते.

आपल्याकडे याचे माझ्या मते सर्वांत सुंदर उदाहरण पालघर जिल्ह्यातल्या बोर्डी आणि कोसबाड इथले आहे. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केले, तेव्हा बालवाडी उघडली तरी पाड्यावरची मुले तिथे येतातच असे नाही, हे त्यांना दिसले. 'या लोकांना शिक्षणाचे महत्त्वच नाही' असे म्हणून मोकळे होणे सोपे होते. त्यांनी मुले आहेत कुठे हे पाहिले, आणि बालवाडीच पाड्यावरच्या अंगणात नेली. पुढे कोसबाडला गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शाळा कुरणात गेली. मुलांना दोष देणारे वाक्य बाजूला ठेवून त्यांनी आपल्याच व्यवस्थेला प्रश्न विचारला. 'अंगणवाडी' हा शब्द आज देशभर वापरला जातो, त्याच्या मुळाशी तो प्रश्न आहे.

पहिली पायरी: वही वेगळी, वेळ ठरलेली

साधी शंभर पानी वही घ्यावी आणि ती टाचणवहीपासून, हजेरीपासून, तपासणीला ठेवायच्या सर्व दप्तरापासून वेगळी ठेवावी. हा मुद्दा किरकोळ वाटतो, पण माझ्या अनुभवात बाकी सर्व काही याच्यावर अवलंबून आहे. जी वही साहेब उघडणार आहेत, तिच्यात कोणताही शहाणा माणूस 'आज मी चुकीचे शिकवले' असे लिहिणार नाही. टाचण, म्हणजे पाठाची आधी लिहिलेली आखणी, हे काय करायचे आहे ते सांगते आणि ते दाखवण्यासाठीही असते. चिंतन-नोंद ही काय घडले ते सांगते आणि ती फक्त आपली असते.

वेळेबाबत फार महत्त्वाकांक्षा बाळगू नये. रोज लिहिण्याचा संकल्प जून महिन्यात सुटतो आणि गणपतीपर्यंत वही कपाटात जाते. आठवड्यातून दोन नोंदी, प्रत्येकी दहा मिनिटे, एवढे पुरे. मात्र त्या शाळा सुटल्यावर शाळेतच लिहाव्यात. एस.टी. पकडून घरी पोचल्यावर मुलीचे नेमके शब्द आठवत नाहीत, फक्त त्यांचा सारांश आठवतो, आणि सारांशात आपण स्वतःला नकळत सांभाळून घेतलेले असते. दोनशिक्षकी शाळेत चार वर्ग हाती असतील तर दहा मिनिटेही जड जातात हे मला माहीत आहे. अशा वेळी मधल्या सुट्टीत वहीच्या कोपऱ्यात तीन शब्द टिपून ठेवावेत आणि नोंद नंतर पुरी करावी.

दुसरी पायरी: एकच क्षण निवडा

दिवसाचा आढावा लिहू नये. आढावा लिहायला बसले की परिपाठापासून सुरुवात होते, शालेय पोषण आहारापर्यंत पोचता पोचता दहा मिनिटे संपतात आणि हाती काही लागत नाही. निवडायचा तो असा क्षण, जिथे आपण मनाशी धरलेले एक होते आणि घडले दुसरे. अपेक्षेपेक्षा वाईट घडले तरच लिहावे असे नाही. जो मुलगा कधी बोलत नाही तो अचानक बोलला, तर ते का घडले हेही तितकेच मोलाचे असते; आपण यशाची कारणे क्वचितच शोधतो, त्यामुळे ते यश पुन्हा घडवता येत नाही.

तिसरी पायरी: आधी घडलेले, मग मत

हीच पायरी सर्वांत अवघड आहे आणि हिच्यावरच सर्वांत जास्त वेळ द्यावा. पान मधोमध दुमडावे. डाव्या बाजूला फक्त तेच लिहावे, जे मागे भिंतीला टेकून उभ्या असलेल्या तिऱ्हाइताला दिसले किंवा ऐकू आले असते: कोणते उदाहरण, किती मुले, काय उत्तर, कोणाचे कोणते शब्द, मी काय म्हणालो. उजव्या बाजूला आपले मत, आपली भावना, आपला अंदाज. 'मुलांचे लक्ष नव्हते' हे डाव्या बाजूला चालणार नाही. 'शेवटच्या रांगेतली तिघे पट्टीने बाक खरवडत होती' हे चालेल. सुरुवातीला माझे डावे पान जवळजवळ रिकामे राहत असे, आणि उजवे मात्र भरभरून वाहत असे. ते पाहूनच पुष्कळ काही कळले.

मुलांचे शब्द त्यांच्याच बोलीत लिहावेत. 'दोनातनं सात जात नाहीत' याचे 'विद्यार्थिनीस हातचा घेण्याची संकल्पना अस्पष्ट' असे प्रमाणीकरण केले की तिची विचारपद्धत पुसली जाते आणि आपल्याकडे फक्त शेरा उरतो. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन २०१० मध्ये सुरू झाले तेव्हा वर्णनात्मक नोंदींमागची कल्पना हीच होती, की मूल कसे शिकते ते शब्दांत टिपावे. पुढे तयार नोंदींच्या याद्या मोबाइलवरून फिरू लागल्या आणि 'दैनंदिन व्यवहारात प्रमाणभाषा वापरतो' हे वाक्य शेजारशेजारच्या तालुक्यांतल्या मुलांना सरसकट लागू झाले. कल्पना वाईट नव्हती. ती दप्तरात शिरली आणि तिथेच राहिली.

आठवणीवर फार विसंबू नये म्हणून अधूनमधून दोन पुरावे जोडावेत. एक म्हणजे मुलांच्या वह्या: चुकीच्या उत्तराचे पान तसेच्या तसे उतरवून घ्यावे. दुसरा म्हणजे आपला आवाज. मुख्याध्यापकांना आणि मुलांना सांगून, मोबाइल टेबलावर ठेवून दहा मिनिटांचे ध्वनिमुद्रण करावे, संध्याकाळी ऐकावे, मोजावे आणि लगेच पुसून टाकावे. ते कोणत्याही गटावर टाकू नये. काय मोजावे? प्रश्न विचारून आपण किती थांबतो, एवढेच पहिल्यांदा पुरे. मेरी बड रो या अमेरिकन संशोधक बाईंनी १९७० च्या दशकात असे दाखवले होते, की शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात, आणि ते तीन सेकंद थांबू लागले की मुलांची उत्तरे लांबतात व एरवी गप्प असणारी मुलेही बोलू लागतात. माझ्या पहिल्या दहा मिनिटांत बावीस प्रश्न निघाले आणि त्यांतल्या सोळांची उत्तरे मीच देऊन टाकली होती. त्या संध्याकाळी जेवण फारसे गोड लागले नाही.

चौथी पायरी: एकापेक्षा जास्त कारणे, आणि त्यांची परीक्षा

मनात पहिले येणारे कारण बहुधा सवयीचे असते: घरी अभ्यास घेत नाहीत, पाया कच्चा आहे, गैरहजेरी फार. ते खरेही असू शकते. तरीही तिथे न थांबता किमान तीन कारणे लिहावीत. त्यांतले एक आपल्या शिकवण्यात शोधावे, एक त्या विषयाच्या रचनेत आणि एक मुलाच्या परिस्थितीत. प्रत्येकापुढे 'हे खरे आहे का ते कसे तपासू?' हा प्रश्न लिहावा.

वजाबाकीच्या नोंदीत माझी तीन कारणे अशी होती. पहिले, 'मोठ्यातून लहान' हे माझे वाक्य. दुसरे, दशक आणि एकक यांचीच ओळख कच्ची असणे. मराठीत 'बावन्न' म्हणताना आधी दोन ऐकू येतात आणि लिहिताना आधी पाच येतात. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'पन्नास दोन' अशा वाचनावरून जो गदारोळ झाला, त्याच्या मुळाशी हीच अडचण होती. (त्या वादात विनोद भरपूर झाले, मुलांच्या वह्या मात्र फार थोड्यांनी पाहिल्या.) तिसरे, काही मुले आदल्या वर्षी आईवडिलांबरोबर वीटभट्टीवर गेली होती आणि तो घटकच त्यांचा बुडाला होता.

तपासणी सोपी होती. त्या नऊ जणांना एकेक करून बोलावले, हातात दहाच्या पाच खोट्या नोटा आणि रुपयाची दोन नाणी दिली आणि म्हटले, दुकानदाराला सत्तावीस रुपये दे. सहा जणांनी दोन नोटा पुढे केल्या, नाण्यांकडे पाहिले आणि एक नोट पुढे करून म्हणाले, "याचे सुट्टे द्या." म्हणजे हातचा घेणे त्यांना येत होते! कागदावरच्या उभ्या मांडणीचा आणि त्या सुट्ट्यांचा संबंध मात्र त्यांना कोणी दाखवला नव्हता, आणि त्या जागी माझे वाक्य येऊन बसले होते. उरलेल्या तिघांना दहाची नोट म्हणजे दहा नाणी हेच पक्के नव्हते. त्यांची अडचण वेगळी होती आणि तिला उपायही वेगळा हवा होता. वीटभट्टीवर गेलेल्यांपैकी दोघे पहिल्या सहांत निघाले, त्यामुळे माझे तिसरे कारण, जे मला सर्वांत आधी सुचले होते, तेच सर्वांत लंगडे ठरले.

इथे आणखी एक गोष्ट हाती लागते. ख्रिस अर्गिरिस आणि शॉन यांनी १९७४ मध्ये असा भेद केला होता, की माणूस ज्या तत्त्वाने वागतो असे सांगतो ते एक, आणि प्रत्यक्ष वागण्यातून जे तत्त्व दिसते ते दुसरे. 'बोले तैसा चाले' हे आपण मुलांना सुविचार म्हणून फळ्यावर लिहून देतो. मी प्रशिक्षणात 'मूल स्वतः ज्ञानाची रचना करते' यावर दहा मिनिटे बोलू शकतो. माझे ध्वनिमुद्रण मात्र 'सर सांगतात, मूल ऐकते' एवढेच म्हणत होते.

पाचवी पायरी: एक बदल, आणि त्याचा अंदाज आधी लिहिणे

नोंदीचा शेवट 'पुढे अधिक प्रयत्न करीन' असा झाला तर ती नोंद वाया गेली असे समजावे. एकच बदल लिहावा, तो उद्या-परवा करता येण्याइतका लहान असावा, आणि त्यापुढे वार लिहावा. त्याखाली, हे फार थोडे जण करतात, काय घडेल याचा अंदाज लिहावा. माझा असा होता: "उद्यापासून उभी मांडणी करण्याआधी 'सुटे पुरतात का?' हा प्रश्न विचारायचा. 'मोठ्यातून लहान' हे वाक्य बंद. शुक्रवारी ६१ − ३८ देणार. सहाच्या सहा जणांचे उत्तर २३ येईल."

शुक्रवारी पाच जणांचे २३ आले, एकाचे पुन्हा ३७. अंदाज लिहिलेला नसता तर मी 'बहुतेकांना जमले' असे म्हणून पुढच्या घटकाकडे गेलो असतो. लिहिलेला असल्यामुळे तो एक मुलगा नजरेआड झाला नाही. त्याला कागद सोडून पुन्हा नोटांकडे न्यावे लागले, आणि त्याला आणखी दोन आठवडे लागले.

सहावी पायरी: महिन्याने वाचणे

महिन्यात आठेक नोंदी होतात. महिनाअखेरीस त्या सलग वाचाव्यात आणि रंगीत पेन्सिलीने दोनच गोष्टींखाली रेघ ओढावी: पुन्हा पुन्हा येणारी मुलांची नावे आणि पुन्हा पुन्हा येणारे आपले शब्द. नोंदी एकेकट्या फार बोलत नाहीत; सलग वाचल्या की बोलतात. माझ्या एका सत्रातल्या नोंदींत मुलींची नावे मुलग्यांच्या निम्मीही नव्हती. वर्गात मुली जास्त होत्या. त्या शांत बसत, त्यामुळे मला अडखळायला लावत नसत, आणि म्हणून माझ्या चिंतनातूनही सुटत होत्या.

सातवी पायरी: दुसऱ्याला वाचून दाखवणे

एकट्याने केलेल्या विचाराला एक मर्यादा आहे: आपलाच डोळा आपलाच डाग पाहू शकत नाही. म्हणून दोन-तीन महिन्यांनी एखादी नोंद विश्वासातल्या सहकाऱ्याला वाचून दाखवावी. ऐकणाऱ्याने पहिली दहा मिनिटे सल्ला द्यायचा नाही, फक्त प्रश्न विचारायचे. आपल्या पेशात हे अतोनात कठीण आहे, कारण दुसऱ्याची अडचण ऐकून 'मी काय करतो सांगू का?' असे न म्हणणारा शिक्षक मी अजून पाहायचा आहे. त्याऐवजी 'ती मुलगी नेमके काय म्हणाली?', 'तू तेव्हा कुठे उभा होतास?' असे डाव्या पानाकडे नेणारे प्रश्न विचारावेत.

जपानमध्ये ही पद्धत शाळेच्या कामाचा भागच आहे. तिथे काही शिक्षक मिळून एक पाठ आखतात, एकजण तो शिकवतो, बाकीचे वर्गात उभे राहून शिकवणाऱ्याकडे नव्हे तर मुलांकडे पाहतात, आणि नंतर पाठावर चर्चा होते. आपल्याकडे केंद्रस्तरावर, म्हणजे आसपासच्या काही शाळांच्या गटात, होणाऱ्या शिक्षण परिषदेत हे सहज बसू शकते. परिपत्रकांचे वाचन आणि माहितीचे तक्ते थोडे आटोपते घेतले, तर दोन शिक्षकांच्या एकेका नोंदीला अर्धा तास नक्की निघतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत असे म्हटले आहे. ते तास केवळ चित्रफिती पुढे सरकवून प्रमाणपत्र मिळवण्यात घालवायचे की अशा चर्चेत, हे केंद्रावरच ठरेल. प्रशिक्षण झाले असेल तर त्याच आठवड्यात 'यातले एक मी कोणत्या तासाला, कोणत्या वारी करून पाहणार' एवढी तरी नोंद करावी. पंधरा दिवस उलटले की प्रशिक्षणात मिळालेली पिशवी आणि वही तेवढी उरते.

केंद्रप्रमुख, मुख्याध्यापक आणि अध्यापक महाविद्यालयांसाठी

चिंतन-नोंदींना गुण देऊ नका आणि त्या तपासू नका. छात्राध्यापकांच्या, म्हणजे शिक्षक होण्याचे शिक्षण घेणाऱ्यांच्या, सराव पाठानंतरच्या टिपण्या मी चाळल्या आहेत; दहापैकी आठ जणांनी 'पाठ चांगला झाला, वेळेचे नियोजन सुधारायला हवे' असे लिहिलेले असते. हा आळस नाही, हा व्यवहार आहे: गुण देणाऱ्यापुढे कोणता दोष कबूल केला तर नुकसान होत नाही हे त्यांना बरोबर कळते. १९८८ मध्ये ग्रॅहम गिब्ज यांनी मांडलेले सहा टप्प्यांचे चिंतनचक्र कित्येक फायलींत रंगीत पेनांनी काढलेले सापडते. घडलेला प्रसंग मात्र दोन ओळींत उरकलेला असतो. नवशिक्याला सहा टप्पे नकोत. काय घडले, का घडले असावे, आता काय करीन, एवढे तीन प्रश्न पहिल्या वर्षाला पुरतात. तपासायचेच असेल तर वही ठेवली जाते का एवढेच विचारावे, आणि वरिष्ठांनी स्वतःच्या एखाद्या फसलेल्या पाठाची नोंद आधी वाचून दाखवावी. तेवढ्याने खोलीतली हवा बदलते.

कुठे घसरते

काही प्रामाणिक माणसे प्रत्येक नोंद 'माझेच चुकले' येथे आणून सोडतात. तेही चिंतन नव्हे; त्यात कारण तपासलेलेच नसते, फक्त दोषाचा धनी बदललेला असतो. ज्या गोष्टी खरोखरच आपल्या हातात नाहीत, म्हणजे रिक्त पदे, निवडणुकीची आणि सर्वेक्षणाची कामे, गळके छत, त्यांच्यासाठी वहीची शेवटची चार पाने राखून ठेवावीत आणि तिथे तारखेसह लिहावे. शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत तीच पाने उपयोगी पडतात. शिवाय चिंतनाने विषयज्ञानाची उणीव भरून निघत नाही. अपूर्णांकांचा भागाकार उलटा गुणाकार का होतो हे मलाच ठाऊक नसेल, तर कितीही नोंदी लिहून ते समजणार नाही. तिथे पुस्तक उघडावे किंवा जाणकाराला फोन करावा.

एप्रिलमधले शेवटचे पान

वार्षिक निकालाची धावपळ संपली की वही एकदा पहिल्यापासून वाचावी आणि जूनमध्ये तो वर्ग ज्याच्याकडे जाणार आहे त्याच्यासाठी एक पान उतरवून काढावे. मुलांचे गुण त्याला मिळतातच. या पानावर गुण नकोत. बदली होऊन येणाऱ्या अनोळखी शिक्षकालाही कळेल असे साध्या भाषेत लिहावे. माझ्या त्या वर्षीच्या पानावर चार ओळी होत्या. त्यांतली पहिली: "चौथीत मोठ्या संख्यांची वजाबाकी घेताना आधी नोटा काढा; दोघे अजून कागदावर घाबरतात, पण दुकानात चुकत नाहीत." आणि शेवटची, खास माझ्यासाठी, कारण जूनमध्ये मला पुन्हा दुसरी मिळणार होती: "'मोठ्यातून लहान' म्हणायचे नाही."

दुसऱ्याच आठवड्यात मी ते म्हणालो. पण या वेळी वाक्य तोंडातून बाहेर पडतानाच ऐकू आले, आणि फळ्यावर लिहिण्याआधी हात थांबला.